पुस्तिकेची पाचवी आवृत्ती

ती गेली थंडीच्या शेवटी. घरच्यांना त्याच घटकेला कळलं, शेजाऱ्यापाजाऱ्यांना संध्याकाळपर्यंत. पण तिच्या भरवशावर असलेल्या कितीतरी माणसांना ते साडेतीन महिन्यांनी कळलं, एका मंगळवारी, आणि तेही जुळाऱ्याकडून.

जुळारी म्हणजे तिचा नवरा. छापखान्यात शिशाचे खिळे जुळवण्यात त्याची एकतीस वर्षं गेली होती, म्हणून सगळे त्याला जुळारीच म्हणत. रागावली की बायकोसुद्धा. ती विद्यापीठाच्या प्रकाशन विभागात होती. प्रबंध लिहिणाऱ्यांसाठी तिने संगणकावर एक साचा केला होता. समास केवढे, मथळे कसे, तळटीप कुठे, हे सगळं त्या साच्यात बसवलेलं. लिहिणाऱ्याने नुसतं लिहायचं आणि मध्ये मध्ये ठरलेल्या खुणा टाकायच्या; पान आपोआप नीटनेटकं उतरायचं. कोणत्या खुणेने काय होतं हे सांगणारी चौसष्ट पानांची पुस्तिकाही तिचीच. पुस्तिकेच्या चार आवृत्त्या झाल्या होत्या आणि चारही वेळा प्रुफं जुळाऱ्याने वाचली होती. त्यामुळे संगणकातलं ओ की ठो कळत नसलं तरी पुस्तिकेतलं कुठलं वाक्य कुठल्या पानावर आहे, हे त्याने झोपेतून उठवल्यावरही सांगितलं असतं.

त्या मंगळवारी तो तिच्या संगणकात जुने फोटो शोधायला बसला आणि चुकून तिची मेल उघडली. न वाचलेली एकेचाळीस पत्रं होती. "बाई, नवीन सॉफ्टवेअर घेतल्यापासून तळटिपा पानाबाहेर चालल्यात." "बाई, कालपर्यंत बरा चालणारा प्रबंध आज उघडतच नाही." एकीने तीनदा लिहिलं होतं, आणि तिसऱ्यांदा एवढंच, "बाई, रागावलात का?"

जुळाऱ्याने चष्मा पुसला आणि दोन बोटांनी पहिलं उत्तर लिहिलं. "ती आता नाही. थंडीत गेली. मी तिचा नवरा." मग दुसरं. मग तिसरं. एकेचाळिसावं लिहून झालं तेव्हा दुपार उलटून गेली होती आणि जेवण राहून गेलं होतं.

"बाबा, सगळ्यांना एकदम पाठवता येतं की," लेक फोनवर म्हणाली. ती दुसऱ्या गावी असते आणि सॉफ्टवेअरचंच काम करते.

"असेल. पण विचारलं होतं एकेकाने."

मग लेकीने काय झालं असावं ते समजावून सांगितलं. ज्या मूळ सॉफ्टवेअरवर आईचा साचा उभा होता, तेच बदललं होतं. बदल चांगल्यासाठीच होता. ज्यांना दिसत नाही त्यांनाही संगणकाकडून पान नीट वाचून घेता यावं, म्हणून मथळा कुठला आणि टीप कुठली हे आता मूळ सॉफ्टवेअर स्वतः बघत होतं. पूर्वी ते साचा बघायचा. आता दोघंही बघायला लागले, एकाच भांड्यात दोघांनी मीठ घालावं तसं.

"साचा मी दुरुस्त करते," लेक म्हणाली. "आईने लिहिलेलं वाचायला सोपं असतं. तुम्ही ऑफिसात आईच्या वरच्या मॅडमना भेटून या."

विभागाच्या मॅडमच्या खोलीत जाताना बायकोचं टेबल लागलं. खुर्चीवर तिची उशी तशीच होती आणि तिच्यावर कुणीतरी पाकिटांचा गठ्ठा ठेवला होता. जुळाऱ्याने गठ्ठा उचलून टेबलावर ठेवला आणि आत गेला.

मॅडम रोखठोक बाई. "खरं सांगते, वाईट वाटून घेऊ नका. बाहेर तयार साचे मिळतात. आम्ही त्यातला एक घ्यायच्या विचारात आहोत."

"लेक दुरुस्त करतेय म्हणाली."

"करू दे. पण पुस्तिकेचं काय? निम्म्या खुणा बदलल्या असतील. पोरं पुस्तिका बघून लिहितात. ती चुकीची असेल तर साचा कितीही चांगला असो, माझ्या दारात रांग लागणार. पुढच्या महिनाअखेर पुस्तिका सुधारून मिळाली तर ठेवू. पण करणार कोण?"

"मी करतो."

"तुम्ही?"

"का? मला वाचता येतं."

मॅडमना हसू आलं, पण त्यांनी तारीख लिहून घेतली.

बाहेर आल्यावर जुळाऱ्याला आपण काय बोलून बसलो ते कळलं. पण मागे फिरायचा प्रश्न नव्हता. त्या पुस्तिकेत ती बोलायची तशीच लिहायची. "इथे घाई करू नका, उठून पाणी पिऊन या." "हे पहिल्यांदा कुणालाच जमत नाही, मलाही जमलं नव्हतं." साचा गेला की पुस्तिका गेली, आणि मग ही वाक्यं कुणी वाचणार नव्हतं. घरात तिचे फोटो होते, पण फोटो बोलत नाहीत.

लेकीने दहा दिवसांत साचा दुरुस्त करून पाठवला. जुळाऱ्याने सकाळी भांडी आवरून जेवणाच्या टेबलावर संगणक मांडायचा आणि फोनवर लेकीला छळायचं, असा क्रम सुरू झाला.

"पान एकोणीस. 'हे काम साचा स्वतः करतो' असं आहे."

"आता मूळ सॉफ्टवेअर करतं. वाक्य बदला."

"बदलायचंच?"

"बाबा, ते आता खरं नाहीये."

"माहितीय गं."

ते एक वाक्य खोडायला त्याने तीन दिवस घेतले. मग मात्र हात बसला. रोज तीन-चार पानं व्हायला लागली.

तिची काम करायची एक रीत होती. पुस्तिकेत प्रत्येक उदाहरणाला दोन रकाने असत: डावीकडे काय लिहायचं, उजवीकडे पानावर काय दिसेल. हे दोन्ही ती वेगवेगळं लिहीत नसे. उदाहरण एकदाच लिहायचं. डावा रकाना त्याचाच आणि उजवाही त्याच्यातूनच, साच्याने तिथल्या तिथे तयार केलेला. जुळाऱ्याला वाटे, टायपायचा कंटाळा, दुसरं काय.

चौथं प्रकरण तळटिपांचं. नव्या खुणा घालून त्याने उदाहरण चालवलं, तर उजवीकडे मजकूर आणि टीप यांच्यामध्ये ही एवढी मोकळी जागा. दात पडल्यासारखं पान दिसत होतं. छापखान्यात असं पान दिसलं असतं तर त्याने दोन ओळींमधली शिशाची पट्टी काढली असती आणि टीप वर सरकवली असती. कुणाला विचारायची गरज नव्हती. इथेही त्याने तेच केलं. जागा कमी करायची खूण याच पुस्तिकेत बाविसाव्या पानावर होती. फक्त त्यासाठी उजवा रकाना डाव्यापासून सोडवून वेगळा लिहावा लागला. तेही त्याला जमलं. पान कसं देखणं झालं. एवढ्या वर्षांनी आपला हात गेलेला नाही, असं मनात येऊन तो चहा टाकायला उठला.

लेकीच्या साच्यासोबत चौथं प्रकरण त्याने मधमाश्यावालीला आगाऊ पाठवलं. ही एक शाळामास्तरीण, पन्नाशीला आलेली, नऊ वर्षं मधमाश्यांवर प्रबंध लिहीत होती. "रागावलात का" असं विचारणारी तीच. सोमवारी प्रबंध द्यायची तिची शेवटची मुदत होती. गुरुवारी सकाळी तिचा फोन आला.

"काका, अगदी तुम्ही सांगितल्यासारखं केलं. तुमच्या पुस्तिकेत टीप मजकुराच्या जवळ आहे. माझी मात्र रुसून खाली जाऊन बसलीय."

"एखादी खूण गाळली असेल."

"तीनदा बघितलं. तीनशे बारा टिपा आहेत, काका. त्यांच्यापायी प्रबंध चाळीस पानांनी वाढलाय. एवढा जाड घेऊन गेले तर दारातूनच परत पाठवतील."

"तीनशे बारा? माश्या तरी तेवढ्या होत्या का?"

"माश्या कोण मोजतं? चावल्या तेवढ्या मोजल्या." ती हसली, पण हसण्यात जीव नव्हता. "काही तरी सुचवा. माझं डोकं चालेनासं झालंय."

तिचं काही चुकलं नव्हतं. पुस्तिकेतलं पान साच्याचं नव्हतंच, त्याचं स्वतःचं होतं. डावीकडे जे लिहिलं होतं त्यातून उजवीकडचं कधीच निघालं नसतं.

एक सोपी वाट होती. आपण जी खूण घातली ती तिला सांगायची: प्रत्येक टिपेला घाला, तीनशे बारा वेळा. रविवारपर्यंत झालं असतं, आणि कुणाला काही कळलं नसतं. पण मग पुस्तिकेत काय लिहायचं? दर टिपेला स्वतः जागा कमी करा? बायको असं लिहिणारी नव्हती.

"उद्या दुपारपर्यंत थांबा," तो म्हणाला. "चूक तुमची नाही. माझी आहे."

मग त्याने लेकीला फोन लावला आणि काय केलं ते सगळं सांगितलं.

"मोठी फट दिसत होती?" लेकीने विचारलं. "आणि तुम्ही मला सांगितलं नाहीत?"

"मला वाटलं, पान नीट दिसायला हवं."

"बाबा, ती फट माझी चूक आहे. ती जागा आता मूळ सॉफ्टवेअर सोडतं. साच्यातली जुनी जागा काढायची माझ्याकडून राहिली. तुम्ही झाकलीत म्हणून मला दिसली नाही."

"छापखान्यात सगळं हातानेच सावरायचो."

"तिथे तुम्ही सावरलेलं पानच छापून लोकांच्या हातात जायचं. इथे पान ज्याच्या त्याच्या घरी तयार होतं. तुम्ही घातलेलं पदरचं त्यांना मिळत नाही. आईने दोन्ही रकाने एकातूनच का काढले, कधी विचार केलात?"

"मला वाटायचं, आळशी आहे."

लेक हसायला लागली. मग तोही. आई गेल्यापासून दोघं फोनवर असे हसले नव्हते. हसून झाल्यावर लेक नाक ओढत म्हणाली, "बरं, ठेवा आता. मला काम करू द्या."

शुक्रवारी सकाळी दुरुस्त साचा आला. बदल अवघ्या एका ओळीचा होता. जुळाऱ्याने उजवा रकाना परत डाव्याला जोडला आणि उदाहरण चालवलं. टीप आपल्या जागी होती. त्याने सुबक केली होती तेवढी सुबक नव्हती, पण खरी होती. त्याने मधमाश्यावालीला आणि पत्रं लिहिणाऱ्या बाकीच्यांनाही साचा पाठवला. सोमवारी संध्याकाळी तिचं उत्तर आलं: "दिला. चाळीस पानं उतरली. आता नऊ वर्षांनी घर झाडायला काढते."

तोवर जुळारी स्वस्थ बसला नव्हता. झालेली प्रकरणं त्याने पहिल्यापासून डोळ्यांत तेल घालून तपासली. आणखी पाच ठिकाणी त्याने हाताने सावरलेलं निघालं. ते सगळं त्याने काढून टाकलं. दोन ठिकाणी काहीच बिघडलं नाही, नुसती त्याची आवड होती. तीन ठिकाणी मात्र खालून खरोखरचे दोष वर आले. ते त्याने लेकीला एकेक करून कळवले, तिने निस्तरले. यात सगळा आठवडा गेला आणि महिनाअखेर येऊन ठेपली. सात प्रकरणं पक्की झाली होती. उरलेली दोन जुनीच होती.

दोन प्रकरणं तशीच लावून चौसष्ट पानं मॅडमच्या टेबलावर ठेवली असती तर पुस्तिका पुरी दिसली असती. सकाळी कपडे करताना हा विचार त्याच्या मनात येऊन गेला. पण झाकाझाकीची हौस एका आठवड्यापुरती फिटली होती.

"सात पक्की आहेत," तो मॅडमना म्हणाला. "दोन नाहीत. चालवून बघितलेली नाहीत. मुदत चुकली, हे मला मान्य आहे."

मॅडमनी पानं चाळली. चौथ्या प्रकरणापाशी थांबल्या. "तळटिपांवरून गेल्या महिन्यात माझ्याकडे अकरा जण आले होते. या आठवड्यात एकही नाही."

"एक ओळ चुकली होती. लेकीने सुधारली."

"आणि सापडली कुणाला?"

जुळाऱ्याने सांगितलं, स्वतःचं न लपवता. मॅडमनी ऐकून घेतलं, चष्मा काढला, परत घातला.

"तो बाहेरचा साचा विकणारा परवा आला होता," त्या म्हणाल्या. "त्याच्या पुस्तिकेतलं काय तपासलेलं नाही, असं मी त्याला विचारलं, तर म्हणाला, आमचं सगळंच चांगलं आहे." त्यांनी पानं ठोकून सरळ केली. "पुढच्या सत्रापर्यंत बाईंचाच साचा ठेवू. पण कुठली प्रकरणं पक्की नाहीत ते पहिल्याच पानावर लिहा. आणि मुखपृष्ठावर बाईंच्या नावाखाली तुमचंही नाव आणि पत्ता घाला."

"तिचंच राहू दे. पुस्तिका तिची आहे."

"आहेच. पण यापुढची पत्रं कुणाला लिहायची लोकांनी?"

बाहेर येऊन, बायकोच्या टेबलापाशी बसून, त्याने तिच्या नावाखाली आपलं नाव लिहिलं. मग पहिल्या पानावर लिहायचा मजकूर कागदावर उतरवून आत जाऊन मॅडमना वाचून दाखवला: पहिली सात प्रकरणं नव्या सॉफ्टवेअरवर चालवून बघितली आहेत. आठवं प्रकरण कोष्टकांचं आणि नववं संदर्भसूचीचं, ही दोन्ही अजून व्हायची आहेत.