माझं पोट कशानं भरलं?

मित्रांनो, मी एक जुना स्टोरेज सर्व्हर आहे. मोठ्या रुग्णालयाच्या तळमजल्यावर एका थंडगार खोलीत कपाटासारखा उभा असतो. माझ्या अंगात डिस्कच्या चळती आहेत. रुग्णांचे एक्स-रे, स्कॅन, शस्त्रक्रियांचे व्हिडिओ, सगळं माझ्याकडेच ठेवायला येतं.

कारखान्यातून नवाकोरा आलो तेव्हा माझं कोण कौतुक! संगणक विभागाचे साहेब ज्याला त्याला सांगायचे, "आता जन्मभर जागेची चिंता नाही."

पण मी भरत गेलो. जागा कमी उरली की मी पिवळा दिवा लावायचो आणि विभागाला निरोप धाडायचो. सुरुवातीला लगबग व्हायची. पुढे माझे निरोप न वाचताच पुसले जाऊ लागले. एकदा तर साहेबांनी इशाऱ्याची मर्यादाच वर सरकवली, म्हणजे मी आणखी भरेपर्यंत दिवा लागायलाच नको. दिवा विझला, जागा मात्र होती तेवढीच राहिली. मी हिरमुसलो.

एके सकाळी स्कॅन विभागातून फोन आला. एका शिक्षिकेच्या छातीचा स्कॅन काढला होता, पण तो साठवलाच जात नव्हता. साहेब धावत खाली आले. मागोमाग का-ताई आल्या. त्या आमच्या इंजिनिअर. सदानकदा "का?" विचारायच्या, म्हणून हे नाव पडलेलं.

"जुने स्कॅन उडवून टाका," साहेब म्हणाले. "इतक्या वर्षांचं कोण बघतंय?"

"पण साहेब, हे एवढं वाढलं का?"

"तुमचं 'का' नंतर! वर सगळे ताटकळलेत."

"तेवढ्यापुरती जागा आत्ता करते. बाकीचं बघितल्याशिवाय नको."

ताईंनी चाचणीसाठी बनवलेल्या त्यांच्याच काही फाइली पुसून टाकल्या. स्कॅन माझ्यात आला. मग त्या खुर्ची ओढून बसल्या.

खरं सांगू? माझ्या पोटात काय आहे, ते मलाही ठाऊक नव्हतं. मला नुसते आकडे कळतात. त्यामुळे ताईंइतकाच मीही उत्सुक होतो. सर्वांत फुगलेला फोल्डर शस्त्रक्रियागृहाचा निघाला. त्यांनी एक व्हिडिओ लावला. पडद्यावर रिकामं टेबल. पुढे सरकवला. रिकामं टेबल. आणखी पुढे सफाईवाल्या मावशी गुणगुणत फरशी पुसत होत्या, आणि पुन्हा रिकामं टेबल! शस्त्रक्रिया संपली की डॉक्टर समोरचा स्क्रीन बंद करायचे, पण कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग चालूच राहायचं.

"म्हणजे इतके दिवस आपण हे जपत होतो?" साहेबांनी कपाळाला हात लावला. ताई हसत सुटल्या, तसे तेही हसले.

डॉक्टरांना विचारून रिकामे भाग कापले. माझं पोट केवढं हलकं झालं!

त्याच दुपारी एक्स-रे विभागाच्या डॉक्टरांचा फोन आला. "सकाळच्या स्कॅनमध्ये फुफ्फुसावर डाग दिसतोय. शिक्षिकाबाई म्हणतात, फार पूर्वी एक स्कॅन झाला होता. आहे का हो तुमच्याकडे?"

होता. साहेब उडवायला निघाले होते, त्याच ढिगात. ताईंनी तो वर पाठवला. साहेब फोनपाशीच घुटमळत राहिले. मग फोन वाजला. "डाग तेव्हाही होता, आणि तेवढाच! वाढलेला नाही. आत्ता ऑपरेशन नको, वर्षानं पुन्हा बघू."

साहेब माझ्यापाशी आले. इशाऱ्याची मर्यादा त्यांनी स्वतः खाली आणली आणि म्हणाले, "ताई, दिवा लागला की मला जेवणावरूनही उठवा."

मित्रांनो, कुणी इशारा देत असेल तर त्याचं तोंड बंद करू नका, तो का देतोय ते बघा. आणि काहीही पुसण्याआधी एकदा उघडून पाहा. त्या शिक्षिकाबाईंचे दोन्ही स्कॅन आता माझ्यात शेजारी शेजारी आहेत. पुढच्या वर्षीच्या तिसऱ्यासाठी मी जागा धरून ठेवली आहे.