चेंडू बाहेर जात नाही

उत्तर समुद्राच्या काठी मे महिन्यातली दुपार मावळत नाही, रेंगाळते. बांधापलीकडे ओहोटीने उघडी टाकलेली चिखलभूमी. ओली, करडी, आकाशाचा उजेड पिऊन आकाशाहूनही उजळ झालेली. बांधाअलीकडे रेपची शेतं, आपल्या मोहरीची दूरदेशीची बहीण. पीतवर्णा, पीतगंधा, वाऱ्याने निजवलेली, वाऱ्यानेच उठवलेली.

वारा पश्चिमेचा. मिठाचा, शेवाळाचा, थंड बोटांचा. तो बांध चढतो, चरणाऱ्या मेंढ्यांच्या लोकरीत शिरतो, गोदीतल्या तारा छेडतो, आणि जर्मनीतल्या त्या लहानशा बंदरगावाच्या टोकाशी, लाकडी बाकांनी वेढलेल्या एका फुटबॉल मैदानात उतरतो. तिथे आज त्याला एक चेंडू सापडला होता.

आणि त्या मैदानाच्या कडेला, पांढऱ्या रेषेच्या वीतभर बाहेर, टोर्बेन वीखर्स उभा होता.

उभा होता. नुसता उभा होता.

रुंद खांद्यांचा, विरळ केसांचा, वाऱ्यापावसाने रापलेला बचावपटू. अंगात निळी जर्सी, बुटांच्या नाड्यांना दुहेरी गाठ, पायांखाली हिरव्या प्लास्टिकचा गालिचा. कारण खरं गवत रेषेच्या आत होतं. शेजारी चौथी पंच, तिच्या हातात झळाळत्या आकड्यांची पाटी. लाल आकडा बाहेर येणाऱ्याचा, हिरवा आकडा आत जाणाऱ्याचा. हिरवा आकडा टोर्बेनचा होता.

हा त्याचा शेवटचा सामना. गुडघ्याने अख्खा हंगाम गिळला होता, करार आज संपत होता, नवा करार कुठूनच येणार नव्हता. "शेवटी थोडा वेळ का होईना, तुला घरच्या गवतावर उतरवीन," असा शब्द प्रशिक्षक हार्टविग यांनी दिला होता. तो त्यांनी पाळला होता. पाळलेला शब्द पाटीवर हिरवा जळत होता. आता फक्त खेळ थांबायला हवा होता: चेंडू रेषेबाहेर जावा, किंवा कुणीतरी कुणाला तरी पाडावं आणि शिटी वाजावी. खेळ चालू असताना आत पाऊल टाकायला मनाई असते.

चेंडू बाहेर जात नव्हता.

सामना बरोबरीत होता आणि बरोबरी दोघांनाही अमृतासारखी होती. तिच्यामुळे यजमान तिसऱ्या विभागात टिकत होते, तिच्यामुळेच पाहुणेही टिकत होते. म्हणून कुणी धावत नव्हतं, कुणी झडप घालत नव्हतं, कुणी कुणाला पाडत नव्हतं. पाहुणे आपल्या अर्ध्यात कमरेवर हात ठेवून उभे. यजमानांचे बचावपटू आपल्या अर्ध्यात चेंडू एकमेकांकडे सरकवत. डावीकडून उजवीकडे. उजवीकडून डावीकडे. घर्षण हरवलेल्या लंबकासारखा चेंडू, ज्याला थांबायला कारणच उरलेलं नाही.

"नवरदेवा!" कठड्यामागून उवे ओरडला. उवे गोदीतला निवृत्त वेल्डर. टोर्बेनला शिव्या घालण्याचा मान तो दर शनिवारी हक्काने वसूल करी. "नवरी पळाली की काय रे?"

कठड्यावर हशा पिकला. टोर्बेनने मागे न बघताच हात उडवला. "गप, उवे. तुझ्या बायकोसारखी नटतेय."

पण जबडा हसला नाही.

बचावपटूचं आयुष्य न घडलेल्या गोष्टींचं असतं. गोल करणाऱ्याचा गोल जाळ्यात थरथरताना दिसतो. अडवणाऱ्याने अडवलेला गोल कुठेच दिसत नाही. प्रयोगशाळेत काही निष्कर्ष असेच असतात: अमुक घडलं नाही, तमुक सापडलं नाही. खरे, कष्टाने मिळवलेले, आणि कुणीही न छापलेले. टोर्बेनची सारी पुंजी तसली. न झालेले गोल, न पोचलेले पास, न रडलेले गोलरक्षक.

आणि नियतीने त्याला त्याच नाण्यात मोबदला दिला होता. मोठ्या क्लबच्या अकादमीत तो वाढला, आणि वरच्या संघाच्या उंबरठ्यावरून 'वेग जरा कमी' म्हणून परतला. दुसऱ्या विभागातला त्याचा संघ पहिल्या विभागाच्या दाराशी पोचला, आणि दार उघडायच्या दिवशी समोरच्याचा एक आळशी फटका खांबाला आपटून आत आला. एकवीस वर्षांखालच्या राष्ट्रीय संघाचं बोलावणं एकदा आलं; त्या दिवशी तो राष्ट्रगीतापुरता उभा राहिला आणि मग सामनाभर बाकावर बसला.

मग गुडघा. दोन हाडांमधली ती शुभ्र, शिंपल्याच्या पोटासारखी चकचकीत कूर्चा. निसर्गाने तिला रक्तवाहिन्या दिल्या नाहीत. म्हणून ती दुखावली की रक्त तिच्याकडे धावून येत नाही, जखम भरत नाही, ती नुसती झिजते. डॉक्टरने हे समजावलं तेव्हा टोर्बेन म्हणाला होता, "म्हणजे शेवटच्या फळीतलीच की ही. मागे मदतीला कुणी नाही."

डॉक्टर हसला होता. टोर्बेनला तो विनोद वाटला नव्हता.

आज त्याला फार काही नको होतं. जिंकणं नको, टाळ्या नकोत, पुष्पगुच्छ तर नकोच. तो सामन्याआधीच मिळाला होता, सेलोफेनमध्ये, पाणी गळणारा. त्याला एकदाच, खेळ चालू असताना, त्या ओल्या जिवंत गवतावर उभं राहायचं होतं आणि एकदाच चेंडू पायाला लागायला हवा होता. एकदाच. एवढं झालं तर तो स्वतः थांबला असं म्हणता आलं असतं. नाहीतर गुडघ्याने थांबवलं.

"चेंडू बाहेर गेला की लगेच," चौथी पंच हलकेच म्हणाली.

"नियम मला माहीत आहे."

"तुला नाही, स्वतःलाच सांगतेय. हात दुखायला लागले."

कठड्यावरच्या लोकांना आता कळू लागलं होतं. आधी एक आवाज, मग दहा, मग सगळी लाकडी बाकं: "बाहेर! बाहेर मार!" हार्टविगसुद्धा ओरडत होते, पण घसा केव्हाच बसलेला आणि वारा तोंडावर. शब्द ओठांतून निघत आणि मागे रेपच्या शेतांकडे उडून जात.

मैदानावर ते 'बाहेर' पोचत होतं. पण भीतीसारखं पोचत होतं. बचावफळीच्या मधोमध उभ्या असलेल्या योस्टला वाटलं, लोक घाबरलेत.

योस्ट टोर्बेनच्या जागी खेळत होता. विशीतला, गोरापान, लांब पायांचा, शिकण्याची भूक असलेला. हिवाळाभर, बोटं गोठवणाऱ्या सकाळी, लंगडता टोर्बेन त्याला शिकवत आला होता. बचाव म्हणजे लाथाडणं नव्हे. घाबरलेला माणूस चेंडू बाहेर मारतो आणि समोरच्याला भेट देतो. लोक ओरडतात, ओरडू देत; लोकांना चेंडू दिसतो, तुला मैदान दिसलं पाहिजे. चेंडू जिवंत ठेव. जिवंत ठेव. जिवंत ठेव.

आता योस्ट तो जिवंत ठेवत होता. छातीवर घेत होता, तळव्याखाली निजवत होता, वळत होता, देत होता, परत मागत होता. इतकं देखणं, इतकं निर्भय, इतकं अचूक, की टोर्बेनच्या घशात अभिमान आणि शिवी एकाच वेळी आली आणि दोन्ही तिथेच अडकली.

"मार ना बाहेर," तो पुटपुटला. "एकदा चूक कर. एकदाच, बाबा."

आणि मग वाऱ्याने चूक केली.

गोलरक्षकाने योस्टकडे चेंडू उचलून दिला. समुद्रावरून एक झोत आला, चेंडूला हवेतच कुशीवर वळवलं, आणि तो योस्टपासून दूर पडून, टप्पे घेत, मग घरंगळत, सरळ टोर्बेनच्या दिशेने निघाला. रेषेच्या दिशेने. त्याच्याच दिशेने.

सारं मैदान श्वास रोखून उभं राहिलं.

चेंडू येत होता. ओला, डागाळलेला, गवताच्या पात्यांवरून हिरवा फवारा उडवत. वेग ओसरत होता. गवत त्याला धरत होतं, वारा त्याला ढकलत होता, आणि त्या दोन बलांच्या बारीकशा फरकावर टोर्बेनची सगळी वर्षं घरंगळत येत होती.

चेंडू रेषेवर आला. रेषेवरून सरकला. गोल वस्तू जमिनीला टेकते ती जेमतेम एका ठिपक्याएवढी. तो ठिपका रेषेबाहेर गेला तरी चेंडूचं पोट मागे रेषेवर ओथंबलेलं असतं. आणि नियम पोटाचा आहे: सबंध चेंडू, शेवटच्या कणासकट, बाहेर जायला हवा. वरून पाहणाऱ्या टोर्बेनला ती कड दिसत होती. पांढऱ्या रंगावर नखाएवढी सावली. बोटभर राहिलं. अर्धं बोट राहिलं.

त्याच्या बुटापासून चेंडू इतका जवळ होता की पाय आपोआप जड झाला. एक ठोकर. पण बाहेरून लावलेला पाय म्हणजे गुन्हा. पाहुण्यांना गोलाकडे फुकटचा फटका, आणि गावाच्या गळ्याला फास. आयुष्यभर नको ते अडवणाऱ्या त्या पायाने आता स्वतःलाच अडवलं.

"जा," तो म्हणाला. चेंडूला म्हणाला. प्रार्थना करावी तसा म्हणाला. "जा ना रे."

नखाची सावली अर्धी झाली.

आणि गवत फाडत, पाण्याचे तुषार उडवत, योस्ट आला. आडवा, पूर्ण लांबीने, वाकवलेल्या पावलाच्या टोकाने त्याने चेंडूला मागून ओढलं, आत फिरवलं, सोबत्याकडे धाडलं. आणि स्वतः घसरत रेषेबाहेर, थेट टोर्बेनच्या पायांशी येऊन पडला. गालाला माती, दातांत हसू.

"पाहिलंस?" तो धापा टाकत म्हणाला. "वाचवला!"

टोर्बेन त्याच्याकडे वाकला.

"छान वाचवलास, गाढवा."

योस्ट त्यातला अर्धाच भाग ऐकून, आनंदाने उठून आत धावला.

चेंडू पुन्हा डावीकडे गेला. पुन्हा उजवीकडे आला. आणि मग शिटी वाजली. एकदा, दोनदा, आणि लांब तिसऱ्यांदा. चौथ्या पंचबाईने पाटी खाली घेतली, बटण दाबलं. हिरवा आकडा विझला. "माफ कर," ती म्हणाली. चूक तिची नव्हती, म्हणून तो आणखीच चिडला.

कठडे ओसंडले. गाव आत धावलं. उवे धावला, भाजलेल्या सॉसेजचा गाडीवाला एप्रनसकट धावला, तान्ह्या बाळाला खांद्यावर घेऊन कुणी बाई धावली. सगळे रेषेवरून आत गेले, कुणाला परवानगी लागली नाही. निळे झेंडे, ओले डोळे, कंठ फुटलेली गाणी.

त्या गर्दीतून योस्ट परत आला. आता त्याच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. कुणीतरी त्याला सांगितलं होतं.

"तू आत येणार होतास."

"हं."

"मला दिसलंच नाही. मी चेंडूवरच..."

"माहीत आहे."

"मग ये ना आत्ता! सगळे आलेत." त्याने टोर्बेनची बाही धरून ओढली, एखाद्या हट्टी बैलाला ओढावं तशी. "टोर्बेन. प्लीज."

"सोड." टोर्बेनने बाही सोडवून घेतली. "सामना संपला. आता ते नुसतं गवत आहे."

योस्टच्या डोळ्यांत पाणी आलं. टोर्बेनला त्याची समजूत घालायची होती. त्याने त्याच्या गालावरची माती अंगठ्याने जरा जोरातच पुसली आणि त्याला गर्दीकडे ढकललं.

गाणी हळूहळू बंदरावरच्या बिअरकडे सरकली. बाकं रिकामी झाली. उजेड अजून संपायला तयार नव्हता. तिरपा, मधाळ, निर्लज्ज उजेड. टोर्बेन एकटा बाकावर बसला आणि नाड्यांची दुहेरी गाठ नखांनी उकरू लागला. ती सुटेना. त्याने बूट तसाच टाचेतून हिसकला. तळ उलटा केला. खिळे दुकानातल्यासारखे चकचकीत. मातीचा कण नाही, गवताचं पातं नाही.

तेवढ्यात बांधावरून समुद्रकाठचा एक कुरव पक्षी उतरला. करड्या पंखांचा, पिवळ्या चोचीचा, कुणाचीही वाट न बघणारा. रेषेच्या आत, तुडवलेल्या गवतावर तो उभा राहिला आणि जागच्या जागी पाय आपटू लागला. हे पक्षी असंच करतात. जमीन थरथरते आणि खालचे किडे वर येतात.

टोर्बेनने बूट त्याच्यावर भिरकावला.

बूट आत पडला, दोनदा उलटला, कुशीवर निजला. पक्षी दचकून उडाला, वारा चढला, एक वळसा घेऊन पुन्हा खाली आला, बुटाच्या शेजारीच. मग पुन्हा त्याचे पाय, भरभर, भरभर, जागच्या जागी. थांबायचा. मान वाकडी करून ऐकायचा. पुन्हा आपटायचा. गवत काही देईना. आणि तो काही थांबेना.