उन्हात आढळलेल्या व्यक्ती: शून्य

उष्ण आणि दमट हवेचा पिवळा इशारा सोमवारी आला आणि मंगळवारी डाबरे बाईंची मे महिन्याची सुट्टी गेली. दुपारी बारा ते चार कोणी घराबाहेर पडू नये, अशी सूचना होती. लोक ती पाळतात की नाही हे गास गावात घरोघर जाऊन तपासायचं काम व्हेरोनिका डाबरे, प्राथमिक शिक्षिका, वय बावन्न, यांच्या वाट्याला आलं.

“सकाळी आठला गेलं तर?” बाईंनी बैठकीत विचारून पाहिलं.

समन्वयक केल्विन सर एसीच्या झोतात बसून सौम्यपणे हसले. “बाई, आठला ऊन कुठे असतं? लोक बारा ते चार घरात आहेत का, हे बारा ते चारच कळणार ना? ॲपसुद्धा बाराच्या आधी उघडत नाही.”

जोडीला आशा सेविका सुनंदाताई होत्या. चौदा वर्षं गासमधल्या प्रत्येक बाळाला लशीच्या दिवशी घरातून शोधून आणणाऱ्या. रक्तदाबाची गोळी घेऊन त्या निघाल्या.

गास त्या वेळी झोपलेलं होतं. पहाटे चारला उठून वाडीला पाणी सोडलेली, भाजी बाजारात पोचवलेली माणसं जेवून गार लादीवर आडवी झाली होती. कुत्री टाकीच्या सावलीत पाय पसरून पडली होती. अख्ख्या गावात उन्हात दोनच बायका होत्या, आणि त्या ‘उन्हात जाऊ नका’ हे सांगायला आल्या होत्या.

बरं, नुसतं सांगून भागत नव्हतं. ॲपला फोटो हवा होता, आणि फोटोत माणूस आणि घराचा नंबर दोन्ही. नंबर फाटकाच्या खांबावर रंगवलेला, रस्त्याकडे तोंड करून. त्यामुळे घरात झोपलेला माणूस उठवायचा, अंगण ओलांडून फाटकाशी आणायचा, उन्हात उभा करायचा आणि तो उन्हात नसल्याचा फोटो काढायचा. अशी चाळीस घरं झाली.

एक्केचाळिसावं घर पास्कल काकांचं. पंचाहत्तरीचे काका बनियनवर, अनवाणी, फाटकाशी आले.

“बाई, मी घरात होतो.”

“हो, काका.”

“झोपलेलो.”

“हो.”

“मग मी घरात हाय हे दाखवायला मला बाहेर कोनी काढलं?”

“ॲपने, काका.”

“कुठाय तो? त्यालाबी उभा करा इथं.” काका एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत होते. “मारा लवकर फोटो, तळवे शेकले!”

“हसून काढ रे,” ओसरीवरून तेरेसाकाकू ओरडल्या. “लग्नातल्या फोटोतपण रडकाच आलास!”

फोटो झाल्यावर सुनंदाताई पत्रक वाचून दाखवू लागल्या. तहान नसली तरी पाणी प्यावे, या ओळीवर त्या थांबल्या. “बाई,” त्या म्हणाल्या, जणू काही चांगली बातमीच होती, “माझा घाम यायचा थांबलाय बघा.” आणि खांबाला टेकत खाली घसरल्या.

तेरेसाकाकूंनी पत्रक वाचलं नव्हतं, तरी त्यांना सगळं येत होतं. ताईंना उचलून आत लादीवर घेतलं, अंगावर ओली चादर टाकली, फ्रीझरमधल्या कोलंबीच्या पिशव्या दोन्ही काखांत दाबल्या. पंखा पूर्ण सोडला. पास्कल काका अनवाणीच रिक्षा आणायला धावले.

साडेतीनला सुनंदाताई रुग्णालयाच्या खाटेवर सलाईन लावून शुद्धीत होत्या. बाईंनी शेजारच्या स्टुलावर बसून ॲप उघडलं. ‘उन्हात आढळलेल्या व्यक्ती’ या रकान्यात एक लिहिलं. नाव: सुनंदा. कारण: कार्यालयीन काम.

पाचव्या मिनिटाला फोन आला.

“बाई, तुमचं गास लाल दिसतंय,” केल्विन सर म्हणाले.

“हो.”

“बाकी सगळा पट्टा हिरवा आहे. पाचला साहेबांना दाखवायचंय. शून्य जायला हवं.”

“सुनंदाताईंना सलाईन लावलंय, सर.”

“कळलं, वाईट झालं. पण त्यांची हजेरी आपण अकरापर्यंतच दाखवू. पुढे त्या वैयक्तिक कामासाठी थांबल्या. तुम्ही फक्त ती नोंद काढा.”

अठ्ठावीस वर्षांत बाईंनी फळा हजारदा पुसला होता. माणूस पुसायला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. चौदा वर्षं उन्हापावसात फिरलेली बाई उद्या कागदावर, कामचुकारपणे भटकताना चक्कर येऊन पडलेली ठरणार होती. बाईंच्या कानशिलापर्यंत संताप चढला. त्यांनी स्पीकर लावला आणि फोन उशीवर ठेवला.

“ताई, सर विचारतायत, तुम्ही तिथे कुठल्या वैयक्तिक कामाला गेला होता?”

“सर,” सुनंदाताईंचा आवाज बारीक होता, पण स्पष्ट होता, “मी तिथं कामावर नव्हतेच, तर मग इथं कोण झोपलंय? तिला उठवा. बाहेर दोन पेशंट खाटेसाठी थांबलेत.”

“मॅडम, तुम्ही आराम करा,” सर घाईने म्हणाले. “बाई, आकडा तपासून दुरुस्त करा. नाहीतर उद्या लेखी खुलासा द्यावा लागेल.”

“तपासते,” बाई म्हणाल्या. “आकडा चुकलाच आहे.”

त्यांनी फोन ठेवला आणि दिवसाचे फोटो एकेक करून उघडले. एक्केचाळीस माणसं, डोळ्यांवर आडवा हात धरून, फाटकाशी उभी. प्रत्येक फोटोखाली ॲपनेच वेळ छापलेली: बारा वाजून दहा, एक वाजून पाच, दोन वाजून वीस. घराचा नंबर ठळक. ऊन त्याहून ठळक. बाईंनी रकान्यातला एक खोडला आणि त्रेचाळीस लिहिले. एक्केचाळीस गावकरी, सुनंदाताई आणि त्या स्वतः. कारण: ही तपासणी. पुरावा: फोटो जोडले आहेत.

ॲपने विचारलं, दिवसाचा अंतिम अहवाल पाठवायचा का? एकदा पाठवल्यावर बदल होणार नाही.

बाईंनी पाठवून दिला.

“किती टाकलेत?” सुनंदाताईंनी डोळे न उघडता विचारलं.

“त्रेचाळीस.”

“चव्वेचाळीस हवेत. पास्कल काकांना दोनदा उभं केलं होतं. पहिल्या फोटोत त्यांचे डोळे मिटले होते.”