शाबास, अपेक्षा

आमच्या गावच्या यात्रेत कुस्त्यांचं मैदान भरतं. त्याचं निवेदन मी बावीस वर्षं करतो आहे. गाव पलूसपासून चार किलोमीटरवर. मी इथल्याच प्राथमिक शाळेत शिक्षक होतो. निवृत्त झालो तरी लहानथोर सगळे जिनदत्त गुरुजीच म्हणतात. पहिल्याच वर्षी मी एक रीत पाडली. मुलांना सगळ्यांत पुढं, आखाड्याच्या कडेला बसवायचं आणि त्यांनी काही विचारलं तर माइकवरून उत्तर द्यायचं. शड्डू का ठोकतात? पंचांनी शिट्टी का मारली? लंगोट सुटला तर काय करतात? या शेवटच्या प्रश्नाला दरवर्षी सगळं मैदान हसतं आणि दरवर्षी कुणीतरी तो विचारतंच.

यंदा पहिल्या नंबरची कुस्ती मल्हारची होती. मल्हार आटपाडीकडच्या मेंढपाळाचा मुलगा. लहानपणी त्याचे वडील हिवाळ्यात मेंढरं घेऊन नदीकाठाला यायचे, शेतांत बसवायचे. तेवढे दोन-तीन महिने मल्हार माझ्या वर्गात शेवटी येऊन बसायचा. शाळेच्या पटावर त्याचं नाव कधी लागलं नाही, आणि पुढं पट काढण्यातच त्याचं नाव झालं. समोरच्याला कळायच्या आत तो खाली झेपावायचा, दोन्ही पाय कवळायचा आणि माणूस पाठीवर. सहा वर्षं आमच्या मैदानात त्याची पाठ मातीला लागली नव्हती. तिठ्यावरच्या फ्लेक्सवर त्याचा फोटो माणसापेक्षा मोठा होता.

मैदानाच्या दिवशी सकाळी तो घरी आला. आमच्याकडे तो नेहमी जमिनीवर मांडी घालून बसतो. त्या दिवशी खुर्चीवर बसला. माझ्या बायकोनं, शालननं, दुधाचा पेला दिला आणि ती आत गेली.

"पैलवान, आज खुर्ची?" मी विचारलं.

"गुरुजी, डावा गुडघा गेलाय."

मला वाटलं चेष्टा करतोय.

"महिना झाला. सराव करताना पिळला. सांगलीच्या डाक्टरनं फोटो काढला आतला. शीर अर्धी तुटलीय म्हणं. आणखी एक पीळ बसला की सगळी जाईल."

"मग कुस्ती रद्द करू. मी आत्ता कमिटीला फोन करतो."

"आवं गुरुजी, फ्लेक्स बघितला का? पाच तालुक्यांतली माणसं निघालीत घरातनं. म्हंतील, मल्हार भ्याला."

"म्हणू देत."

त्यानं दुधाचा पेला खाली ठेवला. मग म्हणाला, "ही शेवटची. जूनपासनं मी निवासी शाळंत पोरांना कुस्ती शिकवायला जातोय. ठरलंय तसं. तुमच्यासारखं. पण ज्याच्या नावावर पोरं शिकायला येत्यात, त्यानं शेवटची कुस्ती न खेळता पळून कसं जायचं?"

"आणि गुडघा गेला तर? डाव तोंडानं शिकवणार?"

"म्हणून तर लवकर उरकणार. सलामी झाली की पट. कुणाला कळायच्या आत चितपट. तुमी फकस्त कुणाला सांगू नका."

मी त्याला अर्धा तास समजावलं. पाढे चुकणाऱ्या मुलाला समजावतात तसं, न रागावता, पुन्हा पुन्हा. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि उठताना खुर्चीच्या हातावर जोर दिला. कुणाला सांगणार नाही, असा शब्द मी शेवटी दिला. दुसरं माझ्या हातात काही नव्हतं.

सव्वासहाला पहिल्या नंबरची कुस्ती पुकारली. मैदान गच्च भरलं होतं. माणसं ट्रॅक्टरवर, पाण्याच्या टाकीवर चढली होती. समोरचा पैलवान उंब्रजचा वीरधवल, चोवीस वर्षांचा, शांत चेहऱ्याचा. त्याचे वस्ताद तात्याबा आखाड्याच्या कडेला उकिडवे बसले होते. हलगी कडाडली, सलामी झाली आणि मल्हार विजेसारखा खाली गेला.

पट हुकला. बोटभर अंतरानं. वीरधवलनं पाय मागे ओढले आणि मल्हारचे हात नुसत्या मातीवर आपटले. मैदानातून 'अरारारा' उठलं. मल्हार उठला, पण मला जे दिसायला नको होतं ते दिसलं. उठताना त्यानं डावा पाय टेकवलाच नाही.

मग दोघं मानेला मान लावून फिरू लागले. पाच मिनिटं, सात मिनिटं. मी बोलत होतो. कुणाचा जोर, कुणाचा कब्जा, उंब्रजच्या तालमीची परंपरा, काय काय. माझी नजर मात्र मल्हारच्या गुडघ्यावर होती आणि तिथून ती हलत नव्हती. मैदानात ज्याला ओरडता येतं तो सुखी. मला त्याच आवाजात बोलत राहायचं होतं.

तेवढ्यात पुढच्या रांगेतून अपेक्षानं हात वर केला. तिसरीतली मुलगी. मैदानात हात वर केल्याशिवाय बोलायचं नाही हे मीच शिकवलेलं.

"बोल बाळ."

"गुरुजी, मल्हारदादा डावा पाय सारखा मागं का ठेवतोय?"

"शाबास, अपेक्षा!" मी म्हणालो. "याला म्हणतात नजर! सगळं मैदान हात बघतंय आणि हिनं पाय बघितला. मुलांनो, पैलवान ज्या पायावर भार देत नाही, तो पाय..."

तिथं मी थांबलो. चाळीस वर्षं मुलानं नेमकं निरीक्षण केलं की माझ्या तोंडून शाबास निघतं. ते डोक्याला विचारून निघत नाही. आठ कर्ण्यांमधून ते शाबास टाकीपर्यंत गेलं होतं. हलगीवाल्याचा हातसुद्धा एक ठोका चुकला.

"म्हणजे... तशी ती त्याची लढण्याची पद्धतच आहे," मी म्हणालो. इतकं खोटं मला कधी बोलता आलं नाही, तेव्हाही आलं नाही.

"ऐकलंस का रं धवल?" तात्याबा वस्ताद उठून उभे राहिले. "डावा! डावा धर, गड्या!"

वीरधवलनं एकदा माझ्या व्यासपीठाकडं पाहिलं. पोराच्या डोळ्यांत आनंद नव्हता. मल्हारनंही पाहिलं. तो रागावला असता तर बरं झालं असतं. तो नुसता, वर्गात उत्तर चुकल्यावर हसायचा तसा, किंचित हसला.

मग वीरधवल खाली गेला. डावा पाय घोट्याजवळ धरला, काखेत घेतला आणि फिरवला. यात गैर काही नाही. मीच मुलांना दरवर्षी सांगतो, समोरच्याचं दुबळं अंग शोधायचं. मल्हार एका पायावर नाचला, पोटावर पडला, दोन्ही हातांनी माती धरून बसला. पाठ देईना. वीरधवल पाय पिळत होता आणि मल्हार माती सोडत नव्हता.

मी माइकवर हात ठेवून पंचांना हाक मारली. "थांबवा. मी सांगतो, थांबवा कुस्ती."

पंच दोन पावलं जवळ आले. "पैलवान हात वर करंना, गुरुजी. मी कशी थांबवू?"

"मल्हार, हात वर कर!" हे मी माइकवर म्हणालो का नुसतं, मला आठवत नाही. अपेक्षानं मात्र हात वर केला होता. तिला वाटलं, मी वर्गाला सांगतोय.

मल्हारनं केला नाही. गुडघ्याचा आवाज मला हलगीतून ऐकू येणं शक्य नव्हतं, पण मातीतले त्याचे हात एकदम उघडलेले मी पाहिले. वीरधवलनं त्याला उलटा केला. पंचांनी वीरधवलचा हात उचलला आणि फेटे हवेत उडाले. विजेता सांगणं माझं काम. मी सांगितलं. नाव, गाव, वेळ: अकरा मिनिटं.

लोकांनी वीरधवलला खांद्यावर घेतलं होतं. त्यानं खाली उडी मारली आणि आखाड्यात परत आला. मल्हारला उठता येत नव्हतं. वीरधवलनंच त्याला दोन्ही हातांवर उचलून जीपपर्यंत नेलं. मी व्यासपीठावरून उतरून धावत गेलो. मल्हार मागच्या सीटवर आडवा होता, चेहरा मातीनं आणि घामानं माखलेला.

"मल्हार..."

"कोण व्हती वो ती पोरगी?"

"अपेक्षा. तिसरीत आहे."

"लय बारीक बघती," तो म्हणाला. त्यानं डोळे मिटले. "निवासी शाळंत मीबी डाव करून दाखवला असता तर अशीच पोरं..." वाक्य त्यानं पुरं केलं नाही. जीप सांगलीच्या रस्त्याला लागली.

मी परत आलो, कारण माइक माझ्या ताब्यातला होता. मैदान रिकामं होत होतं. शालन डबा घेऊन उभी होती. दरवर्षी मैदान संपलं की दिवस मावळायच्या आत मी तिथंच जेवतो; आम्ही जैन, सूर्य गेल्यावर जेवत नाही. सूर्य गेला होता. डबा तिनं उघडला नाही.

अपेक्षा मातीत तिच्या जागेवरच बसलेली होती. मी जवळ गेल्यावर तिनं पुन्हा हात वर केला.

"गुरुजी, मी चुकीचं बघितलं का?"

माइक माझ्या हातात सुरूच होता. तिचा प्रश्न आठ कर्ण्यांवरून मैदानभर गेला. घरी निघालेली माणसं थांबली, मागं वळून बघू लागली.

"नाही बाळ," मी म्हणालो. "बरोबर बघितलंस."

"मग दादा का पडला?"

मी माइकचं बटण शोधलं. बावीस वर्षांत मुलाच्या प्रश्नावर ते मी कधी बंद केलं नव्हतं. बंद केलं आणि तिच्याशेजारी मातीत बसलो.

"बघितलंस तू," मी तिला म्हणालो. "मोठ्यानं सांगितलं मी. मला माहीत होतं त्याचा पाय दुखतोय, तरी सांगितलं."

तिनं बोटानं मातीत एक रेघ ओढली, पुसली.

"मग पुढच्या वर्षी मी विचारू का नको?"

विचार, असं मला म्हणायचं होतं. शब्द तोंडापर्यंत आला होता. समोर आखाड्यात मल्हारच्या दहा बोटांच्या खुणा अजून होत्या, खोल, आणि हलगीवाला त्यांच्यावरून चालत आपली वाद्यं गोळा करत होता. अपेक्षा हात वर करून उत्तराची वाट बघत बसली होती.