नथू घोटावड्याला आला

मित्रांनो, मी घोटावड्यातले एक म्हातारे गाढव आहे. माझ्या पाठीवरचे केस झिजले आहेत आणि एका कानाने मला कमी ऐकू येते. पण एकोणीसशे बावन्न साली आमच्या झोपडीत जे घडले ते मला नीट आठवते.

माझा धनी भिवाजी कैकाडी. तो आणि त्याची बायको रत्नाबाई नदीकाठची निरगुडी तोडून टोपल्या विणत. भात साठवायच्या मोठ्या कणग्याही विणत. तो सगळा माल मी पिरंगुट, पौडपर्यंत वाहून नेई. "आमचं गाढव कधी अडून बसत न्हाई," असे भिवाजी गिऱ्हाइकांना सांगे, तेव्हा मला फार बरे वाटे.

रत्नाबाईची आई सारजाबाई आमच्याकडेच राही. तिचा मुलगा नथू मात्र सीना नदीपलीकडे, शेजारच्या हैदराबाद राज्यात होता. तिकडे दुष्काळ पडला तेव्हा त्यानेच आईला बहिणीकडे पाठवले होते.

मित्रांनो, इंग्रजांच्या काळात एक कायदा झाला होता. काही जातींची माणसे जन्मापासूनच गुन्हेगार, असे त्यात ठरवून टाकले होते. त्यांनी रोज गावच्या पाटलाकडे हजेरी द्यायची आणि पास घेतल्याशिवाय गाव सोडायचे नाही. आमच्या मुंबई राज्यातून तो कायदा आधीच गेला होता आणि भिवाजी मोकळा झाला होता. सीनेपलीकडे मात्र तो अजून चालूच होता. एकाच घरातली माणसे, हातात कामही एकच, पण नथूला गाव सोडता येत नव्हते. सारजाबाईचे नाव हजेरीत नव्हते.

म्हणून हिवाळ्यात सारजाबाई माझ्या पाठीवर बसे आणि आम्ही त्याच्याकडे जात असू. मायलेक दिवसभर टोपल्या विणत. दिवेलागणीला नथू हातातले काम ठेवून चावडीवर जाई. एकदा सारजाबाई त्याच्यामागे गेली. मी बाहेर बांधलेला होतो.

"ह्यानं काय केलंय, पाटील?" तिने विचारले.

"काय न्हाई केलं, बाई. कायदा हाय."



पुढच्या हिवाळ्यात तिचे गुडघे धरले. तिला माझ्यावर बसता येईना. मग ताप येऊ लागला. भिवाजीने नथूला निरोप धाडला. नथूने पास मागितला, तो मिळाला नाही. तो तसाच निघाला आणि सीना नदीवर पकडला गेला. त्याला कोठडीत टाकल्याचे एका नातेवाइकाकडून कळले. रत्नाबाईने आईला खरे सांगितले नाही. "त्याला लई काम हाय," एवढेच ती म्हणाली. सारजाबाईने भाकरी बाजूला सारली. तिचे जेवण दिवसेंदिवस कमीच होत गेले. आता ती पोराला बघायला उरते की नाही, अशी सगळ्यांना भीती वाटू लागली.

मग पावसाळा सरता सरता एका बाजारच्या दिवशी पौडला मास्तरांनी पेपर वाचून दाखवला. तो कायदा देशभरातून रद्द झाला होता. भिवाजीने त्यांना तेवढे दोनदा वाचायला लावले आणि माल न विकताच मला घरी वळवले.

"मामी, नथूला आता हजेरी न्हाई," तो दारातूनच म्हणाला.

"पास?"

"पासबी न्हाई."

"मग त्याला सांगा की कुनीतरी," सारजाबाई म्हणाली आणि तिने पेज मागितली.

काही दिवसांनी, भर दुपारी, डोक्यावर गाठोडे घेतलेला नथू पिरंगुटच्या वाटेने चालत आला. तो कोठडीतून सुटला होता. वाटेत एका शिपायाने त्याला हटकले होते. "आईकडं चाललोय म्हनलो. तर तो म्हनला, जा," नथू सांगत होता. त्याचा त्यालाच विश्वास बसत नव्हता.

सारजाबाईने त्याच्या तोंडावरून हात फिरवला. "किती वाळलास रं," एवढेच ती बोलली.

दिवे लागले तसा नथू सवयीने उठून उभा राहिला. रत्नाबाईने त्याला खांद्याला धरून खाली बसवले आणि पुढ्यात ताट ठेवले. दुसऱ्या दिवशी ऊन वर आले तरी तो झोपून होता. कोणी त्याला उठवले नाही.

सारजाबाई पुढे बरी झाली आणि बरीच वर्षे जगली. नथू इथेच विणू लागला. आता लोक पत्र्याच्या कोठ्या घेतात. कणग्या खपत नाहीत आणि मला काम उरलेले नाही. कधी कधी चारा घालायचेही विसरतात. पण माझी तक्रार नाही.

खंत वाटते ती वेगळीच. कायदा गेला, तरी आमची माणसे दिसली की अजून कोणी कोणी चोरीच्या भीतीने अंगणातली भांडी आत नेतात. मित्रांनो, तुम्ही तसे करू नका. तुमच्या दारी टोपल्या घेऊन कोणी आले तर त्यांना ओसरीवर बसवा, प्यायला पाणी द्या. आणि भांडी जिथे आहेत तिथेच राहू द्या.