चपला घातल्या बघ

"गाडी काढतो. पोचवतो तुला," नवरा म्हणाला आणि तिच्या हातातली पिशवी घ्यायला पुढे झाला.

शिवणताई दारातच थबकली. लग्न झाल्यापासून या माणसाने तिला कधी कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत सोडलं नव्हतं. घटस्फोटाचा दावा लावल्यापासून तर तो बाहेरच्या खोलीत, ती आतल्या. मधून शब्दही ये-जा करत नव्हता. आणि आज तिच्या भावाचा फोन येतो न येतो तोच हा किल्ली घेऊन उभा!

"तुझ्या आईची वेळ आलीय. आत्ता कसली भांडणं धरून बसायची?"

एवढी माया बघून तिने पिशवी मागे ओढली. वकीलबाईंनी बजावलं होतं, "घर त्यांच्या नावावर असलं तरी तिथं राहायचा हक्क तुमचा. पण निकाल लागेपर्यंत एक रात्रही बाहेर काढू नका. कुलूप बदलतील आणि सांगतील, आपल्या पायानं गेली. मग बसा दाराबाहेरून भांडत."

खिडकीशी शिवणाचं मशीन होतं. त्यावरच ती जगत होती. भावाचं गाव लांब, जाऊन त्याच दिवशी परतणं होणार नव्हतं; आणि त्याच्या खोलीत आईची खाटच जेमतेम मावायची.

आणि याला खरंच कळवळा आला असेल तर? इतकी वर्षं संसार करून तिला एवढंही ओळखता येईना.

तिने भावाला फोन लावला. "आईच्या कानाशी धर."

"निघालीस का गं?" आईचा आवाज विहिरीतून आल्यासारखा. दाव्याचं तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

"हो आई, निघाले. चपला घातल्या बघ."

"सावकाश ये. धावतपळत येऊ नकोस."

ती पिशवी घेऊन आत वळली. नवऱ्याने थोडा वेळ वाट पाहिली, मग किल्ली खुंटीला अडकवली. "दगड आहेस तू," म्हणाला. हे मात्र तो नेहमीसारखं बोलला.

दुपारी भावाचा फोन आला. "ताई, गेली गं. शेवटपर्यंत दाराकडं बघत होती. आता तरी येतेस ना?"

फोन ठेवून ती मशीनवर बसली.

संध्याकाळी गिऱ्हाईक ब्लाउज न्यायला आलं. या घरात शिरताना चपला बाहेर काढाव्या लागतात, नाहीतर शिवणताईच्या तोंडाचा पट्टा सुटतो, हे सगळ्या गिऱ्हाइकांना पाठ होतं. बाईने आपल्या चपला काढल्या, आत आली आणि मशीनखाली बघतच राहिली.

"हे काय शिवणताई, चपला घालून? कुठं निघालात की काय?"

तिने खाली, आपल्या पायांकडे पाहिलं.

"नाही," ती म्हणाली. "घरीच आहे."

आणि ब्लाउजचं राहिलेलं हुक लावायला घेतलं.