जागा नव्हती

सेल बदलून झाले, काढून बाहीला घासून परत बसवले, खालचं बटण चारदा बंद-चालू केलं, तरी सुहैरच्या बिनतारी कीबोर्डवरून एक अक्षर उमटेना.

"एक चापट ठेवून द्या, मदाम," चहा घेऊन आलेले गाबेरकाका म्हणाले. "आमचा टीव्ही त्याच भाषेत ऐकतो."

"चापट कुणाला द्यायची ते मला ठाऊक आहे, काका."

तिचा रोख काचेपलीकडच्या खोलीकडे होता. तिथे उस्ताद मिदहत बसले होते, तिच्या विभागाचे साहेब. दुपारी त्यांचा कॉम्प्युटर बंद पडला म्हणून त्यांनी सुहैर जेवायला गेली असतानाच तिचा उचलून आपल्या टेबलावर नेला होता. तिच्या वाट्याला कपाटातलं एक धापा टाकणारं धूड. कीबोर्ड तेवढा राहिला, कारण तो तिनं मनगट दुखतं म्हणून स्वतः विकत आणला होता.

अलेक्झांड्रियाच्या त्या दैनिकात सुहैर बावीस वर्षं निधनवार्ता लावत होती. आमच्याकडे माणूस मेला की तो कोण होता यापेक्षा त्याच्या मागे कोण आहे हे लोक आधी वाचतात: डॉक्टर अमक्याची आई, ब्रिगेडियर तमक्याची सासू. त्या रांगेत ज्याचं नाव नाही, तो त्या घरचा नाहीच.

सुहैरनं रागारागानं एकच कळ दाबून धरली. काचेपलीकडून मिदहत ओरडले, "अरे, हे काय! आपोआप ‘ब ब ब’ उमटतंय! भूत बसलंय का यात?"

सुहैरनं बोट उचललं. पलीकडचा ‘ब’ थांबला. पुन्हा हळूच टेकवलं.

"बघा! परत!"

मग तिच्या डोक्यात प्रकाश पडला. कीबोर्डचा तो नखाएवढा तुकडा, जो कॉम्प्युटरच्या पाठीमागे खोचलेला असतो, तो कॉम्प्युटरबरोबरच पलीकडे गेला होता. कीबोर्ड बिघडलेला नव्हताच. तो साहेबांच्या पडद्यावर लिहीत होता.

ती सांगायला उठणार होती. खरंच उठणार होती. पण पडद्यावर काय चाललंय ते तिला काचेतून दिसलं आणि ती बसून राहिली.

मिदहतची आई पहाटे वारली होती. दुपारच्या नमाजनंतर दफन उरकून ते तडक कचेरीत आले होते, कारण आईची वार्ता दुसऱ्या कुणी लिहावी हे त्यांना पटणारं नव्हतं. हज केलेल्या हाग्गा नाईमा, डॉक्टर शरीफ आणि इंजिनियर इमाद यांच्या मातोश्री. मामा, चुलते, जावई, सगळे आपापल्या पदव्यांसकट आले होते. स्वतःची जागा मात्र त्यांनी कोरी ठेवली होती. दोन्ही भाऊ पदवीवाले, आणि आपल्या नावापुढे लावायचं काय? बराच वेळ हनुवटी चोळून त्यांनी शेवटी लिहिलं, ‘आणि ज्येष्ठ पत्रकार मिदहत वस्फी’. तेवढ्यात फोन वाजला आणि ते बोलत बोलत जिन्याकडे गेले.

गेल्या रमजानच्या तोंडावर सुहैरची आई गेली. अंथरुणावरच्या आईला इतकी वर्षं न्हाऊमाखू घातलं ते सुहैरनं. मिदहतनी लावलेल्या वार्तेत छापून आलं लिबियातल्या भावाचं नाव, इंजिनियर पुतण्याचं, ज्यांनी कधी तोंड दाखवलं नव्हतं त्या मावसभावांचं. सुहैरचं नव्हतं. तिनं विचारलं तेव्हा मिदहत मान वर न करता म्हणाले होते, "जागा नव्हती, मदाम. आणि तुमच्या नावापुढे लावायला तसं आहे तरी काय?" त्या दिवशी तिच्यासाठी कचेरीत दुखवट्याची बिनसाखरेची कॉफीसुद्धा कुणी सांगितली नाही. रोजचाच गोड चहा आला.

सुहैरनं खोडायची कळ दाबली. पडद्यावर वस्फी गेला, मिदहत गेला, पत्रकार गेला, ज्येष्ठपणही गेलं. ‘आणि’ गेलं तेव्हा तिनं बोट उचललं. तिला इतकं बरं वाटलं की ते लपवायला तिनं चहाचा पेला तोंडाला लावला.

मिदहत लाल डोळ्यांनी परत आले आणि खाली न बसताच त्यांनी मजकूर तिच्याकडे धाडला. "पान लागायची वेळ झालीय. मदाम, एकदा नजर टाका आणि सोडून द्या."

आता शेवटचा हात तिचा होता. तिनं वाचलं. काचेतून ती त्यांच्याकडे बघत राहिली. बुटांना कबरस्तानची माती तशीच होती. तिचा राग थोडा निवळला. आई ती आईच, असं तिला वाटून गेलं. "उस्ताद," तिनं हाक मारली, "जरा एकदा..."

ते दारात आले. "काय सांगू, मदाम. छप्परच गेलं बघा डोक्यावरचं." मग त्यांनी मायेनं विचारलं, "तुमची आई आहे ना अजून? जपा हो तिला."

सुहैरनं माऊसवर हात ठेवला.

"काय म्हणत होता?"

"काही नाही," ती म्हणाली. "बरोबर आहे सगळं." आणि माऊस दाबून तिनं पान सोडून दिलं.

दुखवटा संपवून मिदहत आले ते हातात घडी घातलेला पेपर घेऊनच. सगळ्या अलेक्झांड्रियानं तीन दिवस त्यांना एकच विचारलं होतं: आईनं तुम्हाला टाकलं होतं का हो? ते सुहैरच्या टेबलासमोर उभे राहिले.

"मदाम, माझं नाव कुठे गेलं?"

सुहैरनं त्यांच्या खोलीतून काढून आणलेला, मुठीतला नखाएवढा तुकडा आपल्या कॉम्प्युटरमागे खोचला, कीबोर्ड सरळ केला आणि मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं.

"जागा नव्हती, उस्ताद."

त्यांना काहीतरी आठवत गेलं असावं, कारण ते हळूहळू समोरच्या खुर्चीत बसले. त्या खुर्चीत ते कधी बसले नव्हते. "तुमची आई..." एवढंच म्हणाले.

"गाबेरकाका," सुहैरनं हाक दिली, "उस्तादांना बिनसाखरेची कॉफी आणा."

काका वळले.

"आणि मलाही."

कॉफी आली. मिदहतची निवून गेली. सुहैरनं आपली तळापर्यंत प्यायली.